अकरा ओळी

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज दुपारी वेनिंगने बर्थ २१४ दोन माणसांना विकला. माणसं खोटी, चाचणीपुरती बनवलेली. पण बर्थ विकला गेला. एकच बोट, एकच फेरी, एकच बर्थ. दोघांनाही हिरवी खूण आली, दोघांनाही तिकीट मिळालं.

वेनिंग आमच्या बोट-तिकिटांच्या साइटच्या चाचण्या घेते. शांत बाई, इथल्या रीतीने बोलणारी: बाईला 'म्बाक' म्हणजे ताई, पुरुषाला 'मास' म्हणजे दादा. माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "म्बाक तिउर, घाबरू नका, पण एक बघता का?" ती 'घाबरू नका' म्हणाली की मी आधी घाबरते.

विक्री १० मार्चला सकाळी आठ वाजता उघडायची आहे. ईदला सुराबायाहून मकासर, बालिकपापान, कुमाई असं घरी जाणारं अख्खं जग त्या मिनिटाला आमच्या साइटवर तुटून पडणार. अडतीस हजार बर्थ. त्यातला एक जरी दोघांना गेला, तर धक्क्यावर दोन कुटुंबं समोरासमोर उभी राहतील, दोघांच्या हातात तिकीट, आणि बोट एकालाच घेऊन सुटेल. त्यानंतर ईदच्या आत दुसरी बोट नाही.

माझा संशय ताबडतोब केंतोंगानवर. आमचे चार सर्व्हर एकमेकांशी बोलतात ते या टूलमधून. एकाने बर्थ दिला की बाकीच्या तिघांना त्याच क्षणी कळायला हवं. गुनुंगकिदुलच्या डोंगरातल्या कुणा माणसाने ते लिहून जगाला फुकट वाटलंय. गावच्या चौकीवर टांगलेला लाकडी ठोका असतो, चोर आला की बडवायचा, त्याचं नाव ठेवलंय. फुकटचा ठोका, फुकटचा आवाज. मला आधीच कळायला हवं होतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा झालं. शंभर चाचण्यांत चार बर्थ दुहेरी.

केंतोंगानच्या पानावर उघड तक्रार टाकली. शीर्षक: 'तुमचं टूल एक जागा दोघांना विकतं!!!' सगळा लॉग चिकटवला. शेवटी लिहिलं, 'हजारो प्रवाशांची ईद तुमच्या हलगर्जीपणावर अवलंबून आहे. तातडीने दुरुस्त करा.' वेनिंग म्हणाली, तीनऐवजी एक उद्गारचिन्ह चालेल का. मी म्हटलं, नाही.

या टूलवर राग यायला मला जुनं कारणही आहे. चार वर्षांपूर्वी याचे निरोप वाटेत हरवायचे. जोडणी क्षणभर तुटली की निरोप गेला तो गेलाच. तेव्हा मी कुणाची वाट बघत बसले नाही. टूलच्या पोटात अकरा ओळी घातल्या: निरोप पाठव, दोन सेकंदांत पोच आली नाही तर तोच निरोप पुन्हा पाठव, येईपर्यंत पाठवत राहा. त्या दिवसापासून आमचा एक निरोप हरवलेला नाही. माझ्या अकरा ओळी चार वर्षं खड्या पहाऱ्याला उभ्या आहेत, आणि ज्याने टूल लिहिलं तो झोपलाय.

तेव्हा पाक कुंचोरो (आमचे मालक) खूश झाले होते. म्हणाले, ही आपली कमाई, बाहेर जाऊ द्यायची नाही. आम्ही जिची तिकिटं विकतो त्या बोट कंपनीला दिलेल्या कागदांत त्यांनी टूलचं बारसंच केलं: 'किलात, आमचं स्वतःचं तंत्रज्ञान'. किलात म्हणजे वीज. मला तेव्हा हसू आलं होतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते:

'नमस्कार म्बाक. ऐकून वाईट वाटलं. लॉग वाचला. तुम्ही केंतोंगान मूळचंच वापरता, की त्यात काही बदल केलेत? केले असतील तर बघायला आवडेल. मी रविवारी बसतो. — प्रमुजी'

रविवारी बसतो! जणू दाढी करायला बोलावलंय.

बदलांबद्दल काय सांगायचं म्हणून पाक कुंचोरोंकडे गेले. ते खुर्चीत मागे रेलले, हसले. "म्बाक, अकरा ओळी म्हणजे काय बदल? घराला रंग दिला म्हणून घर बदलतं का?"

"पण टूलच्या परवान्यात लिहिलंय. बदल करून लोकांसाठी चालवलं, तर तो बदल सगळ्यांना द्यायचा."

"आपण टूल कुठे विकतोय? आपण तिकिटं विकतो."

मला त्यावर वाद घालायचा नव्हता. मुद्दा बर्थचा होता. खाली येऊन उत्तर लिहिलं: 'मूळचंच आहे.' अकरा ओळींसाठी कोण चौकशीत अडकून बसणार.

गल्लीत आणखी एक ताप. रविवारी सगळ्यांनी मिळून गटार साफ केलं, मी नेहमीप्रमाणे ऑफिसात. ज्यांना येता येत नाही ते चहा नाहीतर तळलेली केळी पाठवतात म्हणे. मला सांगायचं तरी! आज बघते तर माझ्या दारासमोरचा तुकडाही लखलखीत झालेला. समोरच्या बू तुमिराह दिसल्या, तर हसून मान लववली, शब्द नाही. या लोकांना मनातलं बोलायला झालंय काय? आमच्याकडे सामोसिरला एव्हाना चार बायकांनी दारात उभं राहून माझा उद्धार केला असता, आणि मग सगळ्यांनी मिळून जेवलो असतो. बारा वर्षं मी योग्याकार्तात राहते आहे, अजून तोंडावर कुणी शिवी दिली नाही. कसं जगतात?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रमुजीचं उत्तर: 'बरं म्बाक. बघू.'

चला, हालला एकदाचा. पाक कुंचोरोंना सांगितलं, त्याने काम हातात घेतलंय. बोट कंपनीलाही तसं कळवून टाकलं.

वेनिंग माझ्या खांद्यावरून ते वाक्य वाचत उभी राहिली. म्हणाली, "म्बाक, हे 'बघू' म्हणजे 'बघू' नव्हे हं."

"मग काय?"

"म्हणजे... नाही. म्हणजे अगदी नाही असं नाही. पण नाही."

बाह! मी त्याला सरळ विचारलं होतं, सरळ सांगावं ना. ठीक आहे. रविवारी बसतो म्हणाला ना? रविवारी मी त्याच्यासमोर बसते. केंतोंगानच्या पानावर गावाचं नाव आहे, कुणालाही विचारा म्हणून लिहिलंय.

२३ फेब्रुवारी, रविवार

वोनोसारीच्याही पुढे. स्कूटरवर पावणेदोन तास, शेवटचा रस्ता नुसता दगडांचा. चौकीवरच्या माणसाला विचारलं, प्रमुजी कुठे. म्हणाला, सगळं गाव मसणात आहे. मी दचकले. मग आठवलं, रोजे सुरू व्हायच्या आधीचा आठवडा, कबरी साफ करायचा.

खरंच सगळं गाव तिथे. बायका चटयांवर तांदळाच्या पिठाचे गोल अपेम मांडत होत्या, पुरुष गवत कापत होते. मी हेल्मेट हातात घेऊन मधोमध उभी राहिले आणि मोठ्याने विचारलं, "प्रमुजी कोण?"

एक उंच, किडकिडीत माणूस कंबर सरळ करून उभा राहिला. चाळिशीचा असेल. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसचा जुनाट शर्ट. हातात विळा.

"मी तिउर्मा. बर्थ २१४."

त्याने दोन क्षण विचार केला. "तीन उद्गारचिन्हं?"

"हो."

"या, या, म्बाक. लांबून आलात. पाणी घ्या."

"पाणी नको. मास प्रमुजी, पंधरा दिवसांवर विक्री आलीये. तुम्ही बघू म्हणालात. काय बघितलं?"

शेजारी एक म्हातारी फडक्याने कबरीचा दगड पुसत होती. ती न बघता म्हणाली, "प्रमुजी, पाहुणी उभी आहे, तिला झाडू दे. हात रिकामे असले की माणसाचं तोंड फार चालतं."

आजूबाजूचे हसले. कुणीतरी खरोखर माझ्या हातात खराटा दिला. आणि मी, इतकी चिडलेली असून, झाडायला लागले! दीड तास झाडलं. कुणाची कबर ते विचारलंही नाही. मध्ये एकदा प्रमुजी म्हणाला, त्या कोपऱ्यातली राहिली, त्यांचं आता कुणी येत नाही. तीही झाडली.

मग चटईवर बसलो. मी लॅपटॉप उघडून लॉग समोर धरला. त्याने अपेम खात खात सावकाश वाचला. पहिल्यांदाच वाचत नव्हता ते दिसत होतं. नजर ठरलेल्या ठिकाणी जाऊन थांबली.

"हा निरोप बघा," तो म्हणाला. "'बर्थ २१४ रिकामा.' आणि हा खाली. तोच. अडीच सेकंदांनी."

"हेच तर! तुमचं टूल एकच गोष्ट दोनदा बोलतं!"

"माझं टूल एकदाच बोलतं, म्बाक." त्याने बोटाला लागलेलं पीठ पुसलं. "ऐकू गेलं नाही तरी एकदाच. त्यात पुन्हा बोलणारं काहीच नाही. ते करायला हवं, मला चार वर्षं माहितीये, जमलं नाही. दिवसा पंप बघतो, आणि रविवारी हे असं काहीतरी असतं."

"म्हणजे दोष मान्य?"

म्हातारीने मला आणखी एक अपेम दिला. त्याने विचारलं, परत जाताना कुठल्या रस्त्याने जाणार, वळणावर वाळू आहे, सांभाळून.

इतकंच. पावणेदोन तास जा, स्मशान झाडा, आणि उत्तर काय, तर वळणावर वाळू आहे! चार वर्षं माहीत असून दुरुस्त केलं नाही हे स्वतःच्या तोंडाने कबूल केलं आणि वर मला रस्ता दाखवतोय. घरी येईपर्यंत मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्याने भांडत होते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी वेनिंगला सगळं रागारागाने सांगत होते. "म्हणे माझं टूल एकदाच बोलतं! मग हा दुसरा निरोप कोण पाठवतं, भूत?"

वेनिंग आपल्या नखांकडे बघत बसली.

आणि मी माझ्याच तोंडून निघालेलं वाक्य ऐकलं.

लिहून ठेवते, म्हणजे मला स्वतःशी खोटं बोलता येणार नाही. गेल्या वर्षापर्यंत बर्थ गेला की गेला. 'गेला' दोनदा सांगितलं तरी काय बिघडतं? साइटवरच्या नकाशात लाल झालेला चौकोन पुन्हा लाल. या वर्षी नवीन सोय केली: बर्थ दहा मिनिटं धरून ठेवता येतो, पैसे भरले नाहीत तर सुटतो. सुटला की सर्व्हर निरोप पाठवतो, 'रिकामा'. गर्दीत पोच यायला उशीर होतो. दोन सेकंद झाले की माझ्या अकरा ओळी तोच निरोप पुन्हा पाठवतात. पण त्या दोन सेकंदांत बर्थ दुसऱ्या कुणी विकत घेतलेला असतो. आणि मग माझा दुसरा 'रिकामा' येऊन धडकतो, चौकोन पुन्हा हिरवा होतो, आणि तिसरा माणूस तोच बर्थ घेतो.

खड्या पहाऱ्याला म्हणे.

वेनिंगला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"शुक्रवारपासून शंका होती."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, तुम्हालाच दिसेल."

मी टेबलावर हात आपटला. अख्खं ऑफिस वळून बघायला लागलं. प्रमुजीला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लॉग मीच त्याला दिला होता. मूळचंच आहे हे माझं खोटं त्याने वाचलं, 'बरं म्बाक' म्हणाला, मला झाडू दिला, खायला दिलं. त्याने चारचौघांत मला खोटारडी म्हटलं असतं तर मी सहन केलं असतं. हे सहन होत नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पाक कुंचोरोंच्या खोलीत तासभर.

मी सांगितलं, दोष माझ्या ओळींचा आहे. त्या काढल्या तर निरोप पुन्हा हरवायला लागतील, ते आणखी वाईट. खरा उपाय म्हणजे प्रत्येक निरोपाला क्रमांक द्यायचा, आणि ऐकणाऱ्याने एकदा ऐकलेला क्रमांक दुसऱ्यांदा ऐकायचा नाही. पण ते टूलच्या मुळाशी जाऊन करावं लागेल. मला एकटीला महिना लागेल. प्रमुजी ते मूळ ओळखतो. आपल्या ओळी त्याला द्यायच्या, परवान्याप्रमाणे उघड्यावर.

"उघड्यावर," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे बोट कंपनीला दिसणार, की किलात म्हणजे गुनुंगकिदुलच्या पंपवाल्याचं केंतोंगान."

"ते आहेच."

"आणि आपण चार वर्षं अट पाळली नाही, हेही दिसणार."

"तेही आहेच!"

"म्बाक, आवाज." त्यांनी हात खालीवर केला. "हे बघा. शंभरात चार दुहेरी, ते तुमच्या कडक चाचणीत. खऱ्या विक्रीत शंभरात एक होईल. धक्क्यावर आपला माणूस ठेवू. ज्यांची जागा दुहेरी निघेल त्यांना डेकवर चटई देऊ. लोक समजून घेतात."

"बोटीचा माणूस चटईला जागा देणार नाही. यादीत नाव दोनदा आलं की दुसऱ्याला उतरवतात."

"बघू," ते म्हणाले.

या वेळी मला कळलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस स्वतः क्रमांक घालायचा प्रयत्न केला. वेनिंगने चाचणी घेतली: दुहेरी चारचे दोन झाले, पण सहा बर्थ कुणालाच न विकता लाल राहिले. दुसरी युक्ती केली, दुहेरी पाच.

मला सर्वांत राग कशाचा येतोय? स्वतःचा म्हणायला हवं. पण खरं सांगायचं तर अजूनही प्रमुजीचाच जास्त येतो. एक वाक्य. 'म्बाक, तुम्ही बदल केलेत.' चार शब्द! एकोणीस तारखेलाच सांगितलं असतं तर आठवडा वाचला असता.

पण एकोणीस तारखेला त्याने विचारलं होतं. चार शब्दांत नव्हे, पण विचारलं होतं.

२ मार्च, रविवार

सकाळी नऊला टाकलं. पाक कुंचोरोंना विचारलं नाही. आधी कळवलं, एवढ्यापुरती मी चोर नाही. फोनवर मेसेज लिहिला: 'पाक, आज मी आपले बदल परवान्याप्रमाणे सगळ्यांना देते आहे. जबाबदारी माझी.' मग फोन उलटा ठेवला.

केंतोंगानच्या पानावर माझ्याच तक्रारीखाली लिहिलं:

'मूळचंच आहे हे मी खोटं लिहिलं होतं. या अकरा ओळी माझ्या. चार वर्षांपूर्वी घातल्या, कुणाला दिल्या नाहीत. दुहेरी निरोप यांच्यामुळे जातात. मला सोडवता येत नाही. मदत हवी आहे.'

हे लिहायला पाऊण तास लागला. मधली दोन वाक्यं आधी अशी होती की त्यांत कुणी काही केलंय असं वाटतच नव्हतं. ओळी आपोआप घातल्या गेल्या होत्या, आपोआप राहून गेल्या होत्या. ती खोडली.

वीस मिनिटांत प्रमुजी आला. उपवासाचा दिवस, रविवार, बसलाच होता. 'आभार म्बाक. विचार चांगला आहे. क्रमांक पाठवणाऱ्याने द्यायला हवा, ऐकणाऱ्याने नव्हे. तिथे तुमचा गोंधळ होतोय. मी मूळ बघतो, तुम्ही चाचण्या लिहा. आणि सातव्या ओळीतलं नाव बदला, 'बोंबल' हे नाव बरं दिसत नाही.'

बोंबल काय वाईट आहे? पोच आली नाही तर बोंबलायचंच असतं. वीस मिनिटं वाद घातला. बदललं.

दुपारपर्यंत आणखी तिघे आले. एकजण दा नांगचा, एकजण मनिलाकडचा, एकीने गाव सांगितलं नाही. सगळ्यांचे निरोप हरवत होते. सगळ्यांनी आपापले चुकलेले प्रयत्न आणून ठेवले. मनिलावाल्याच्या ओळी वाचल्या तर जवळजवळ माझ्याच. तोही त्या दडवून होता. कुणी कुणाला काही बोललं नाही.

३ मार्च, सोमवार

पाक कुंचोरो आले, माझ्या टेबलासमोरून गेले, मान लववली. दिवसभर कुणीच बोललं नाही. वेनिंग तेवढी चाचण्या घेत बसली होती, माझ्या शेजारी, जरा जास्तच जवळ.

दुपारी केंतोंगानवर आणखी एकाने लिहिलं. कुपांगचा, तिमोर बेटावरचा. मेल्कियानुस तेफा. एका रुग्णालयातले संगणक बघतो.

'हे इतकी वर्षं कुणाकडे होतं?'

एवढंच. खाली त्याने जुन्या तक्रारीचा दुवा दिला होता, त्याच्या स्वतःच्या. उघडली. चार वर्षांपूर्वीची. रक्तपेढीत पिशवी आली की वरच्या वॉर्डातल्या फलकावर दिसायला हवी, निरोप हरवतो, दिसत नाही, कुणाला उपाय माहीत आहे का. त्याखाली त्याने दर काही महिन्यांनी एकच ओळ लिहिली होती: 'अजून तसंच.' अकरा वेळा.

आणि सर्वांत वर, पहिल्याच आठवड्यात, कुणीतरी अंगठा दाखवून 'मलाही' अशी खूण केली होती. त्यावर बोट ठेवलं की नाव दिसतं.

माझं नाव.

मला आठवतसुद्धा नाही. म्हणजे निरोप हरवतात म्हणून मी शोधत तिथे गेले, त्याचं वाचलं, खूण केली, परत येऊन अकरा ओळी लिहिल्या, आणि पुन्हा तिकडे फिरकले नाही.

त्याला उत्तर लिहिलं नाही. काय लिहू?

५ मार्च, बुधवार

झालं. प्रमुजीने काल संध्याकाळी नवी आवृत्ती काढली, उपवास सोडल्यावर. आज वेनिंगने चाळीस हजार खोटी माणसं सोडली. तीनदा. दुहेरी शून्य, हरवलेले शून्य, उगाच लाल शून्य. ती म्हणाली, "म्बाक, घाबरू नका, पण चालतंय."

दुपारी पाक कुंचोरोंनी बोलावलं.

"उत्तम काम. विक्रीला हेच वापरायचं."

"बोट कंपनीला सांगितलंत, टूल कुणाचं ते?"

"त्याची घाई नाही." त्यांनी टेबलावरची पेनं सरळ रेषेत लावली. "तुम्ही दमलात, म्बाक. गावी जाऊन या. आईकडे. तळ्याकाठी हवा चांगली असते."

"विक्री पाच दिवसांवर आहे."

"वेनिंग बघेल."

"परत कधी येऊ?"

"आधी नीट विश्रांती घ्या."

"पाक, मला काढलंत का?"

ते हसले. कसनुसं. "असं कशाला बोलायचं?"

"कारण मला ऐकायचंय! काढलं असेल तर काढलं म्हणा. मी तुमचा शब्द मोडला, काढण्यासारखंच आहे ते. पण तोंडाने म्हणा!"

ते खिडकीकडे बघत राहिले. उपवासात कुणाला वाकडं बोलू नये म्हणतात. मी उपवास धरत नाही, मी बोलले. चार वर्षांचं बोलले. दाराबाहेर सगळे ऐकत होते. शेवटी त्यांनी अगदी हळू विचारलं, "ऑफिसची किल्ली आणलीये का बरोबर?"

टेबलावर ठेवली. पेनांच्या रेषेत.

१० मार्च, सोमवार

आठ वाजता साइट उघडली. मी घरी, स्वयंपाकघरात, फोनवर. कुठल्याही प्रवाशाला दिसतं तेवढंच मला दिसत होतं. मकासरच्या बोटीचा नकाशा उघडून बसले. हिरवे चौकोन भराभर पिवळे, पिवळ्याचे लाल. मधूनच एखादा पिवळा सुटून हिरवा होई आणि लगेच कुणीतरी उचले. मी एक पकडून बसले, ३०७. सुटला. हिरवा. पिवळा. लाल. मी दोन सेकंद मोजले, मग दहा, मग मिनिटभर. लालच राहिला.

साडेनऊला वेनिंगचा मेसेज: 'एकोणीस हजार गेले. दुहेरी नाही.' त्यामागोमाग दुसरा, बोट कंपनीच्या पानाचा फोटो. 'आमच्या भागीदारांच्या किलात या स्वदेशी तंत्रज्ञानामुळे विक्री सुरळीत.' मी फोन टेबलावर फेकला. फुटला नाही.

मग फोन उचलून कुपांगच्या त्या माणसाला लिहिलं. सात दिवस टाळलं होतं. 'माझ्याकडे होतं. तुमची तक्रार मी चार वर्षांपूर्वी वाचली होती. वर खूण आहे ती माझी. उपाय सापडला आणि मी दिला नाही.' खाली फोन नंबर घातला.

पाच मिनिटांत फोन वाजला. तिकडे मागे गाड्यांचा, चाकांच्या स्ट्रेचरचा आवाज.

"तुम्हीच का त्या?"

"हो."

"दोन जिने, बाई." सरळ सुरुवात. "रक्तपेढी तळाला, वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. फलकावर भरवसा नाही, म्हणून आमच्या नर्स दर पंधरा मिनिटांनी दोन जिने उतरून बघून येतात, पिशवी आली का. चार वर्षं. एकीचे दिवस भरत आले होते, तीही उतरत होती. मला सगळ्या म्हणतात, मेल्की, तुझं ते यंत्र बंद कर, निदान भिंत तरी रिकामी होईल. आणि तुमच्या खिशात होतं?"

"हो."

"लाज वाटते का?"

"हो."

"कंपनीने सांगितलं होतं म्हणाल."

तेच म्हणणार होते. तोंडाशी आलं होतं. "सांगितलं होतं. पण लिहिलं मी, आणि गप्प बसले मी."

तो आणखी बोलला. बरंच बोलला. त्यांच्याकडे आवाज चढवायला लाजत नाहीत. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला तोंडावर सुनावत होतं, आणि मी ओट्याला टेकून सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही बोलले नाही. हे मला नवीन आहे.

शेवटी तो दमला. मग म्हणाला, "नवी आवृत्ती चढवायची कशी? इंग्रजीत लिहिलंय सगळं. मी वायरिंग शिकलेला माणूस आहे."

"सर्व्हरसमोर बसलात का?"

"बसलो."

"जुनी बंद करू नका अजून. आधी मला सांगा, पडद्यावर काय दिसतंय."

पाच तास. त्याचा सर्व्हर माझ्या लॅपटॉपहून जुना. तीनदा अडकलं, दोनदा त्याने मला शिव्या दिल्या, एकदा मी त्याला दिली. मधल्या वेळात साइटकडे बघायचं राहूनच गेलं. बर्थ संपले असावेत.

आमच्याकडे तीन वाजत आले तेव्हा तो म्हणाला, "खाली रक्तपेढीत सांगितलंय. ओ-निगेटिव्हच्या दोन पिशव्यांची नोंद करतायत." त्याच्या बाजूला कुणीतरी नर्स म्हणाली, "मेल्की, जाऊ का बघायला?"

"थांब," तो म्हणाला. "फलकाकडे बघ."

मी फोन कानाला लावून उभी होते. निरोप हरवतो का ते बघायला त्याने मुद्दाम तार उपटली, पुन्हा जोडली. मी मनात आकडे मोजत होते.

"दोन," नर्स म्हणाली. "दोनच दिसतायत."

"खाली जाऊ नकोस," मेल्कियानुस तिला म्हणाला, आणि मला काही न बोलता फोन ठेवून दिला.